अंगठ्याचं नख

दोन वर्षं झाली, मी मोठ्या नातवासाठी आमच्या चांदूर बाजारहून अकोल्याले पोलिसातली एक पोरगी पाहाले गेली होती. तिच्या अंगठ्याचं नख काळं अन् मधातून चिरलेलं. "पोरीत खोट हाय," असं तिच्या मायच्या तोंडावर म्हणून मी चहा न पिताच उठली.

यंदा धाकटा नातू कुलदीप पोलीस ट्रेनिंगातून सुट्टीवर घरी आला, तर त्याचंही नख तसंच.

"रायफलीचा दांडा मागं ओढला का आतला बोल्ट मागं जाते, आजी. दांडा सुटला का तोच बोल्ट स्प्रिंगच्या जोरानं पुढं आदळते. माहा अंगठा मधात राह्यला."

मी गल्लीतल्या बायका बोलावल्या. "पाहा वं, याले म्हणतेत मर्दाचा हात!"

कुलदीप हासला. "कायचा मर्द! मी त रडलो. मंग शिकवणाऱ्या मॅडमनं आपला अंगठा दाखोला. म्हणे, रडू नोको, माही त याच नखापायी तुमच्या चांदूर बाजारची सोयरीक मोडली."



बायका अजून कौतुकानं पाहून राहिल्या होत्या. मी पोराचा अंगठा पदरानं झाकला.