छतावरचं ऊन

दावरोननं विजेवरची गाडी घेतली, ती चार्ज करायला छतभर सोलर पॅनल टाकले आणि इस्फरा गावात कॉलर ताठ करून हिंडला. पण जून लागला, ऊन भाजून काढू लागलं, तरी गाडी निम्मीसुद्धा चार्ज होईना. उद्या हिच्यातूनच बहिणीची पाठवणी! शेजारचा टॅक्सीवाला सफोल कुंपणावरून खिदळला, "उन्हावर कुठं गाड्या चालतात होय रे? माझी पेट्रोलची ने!"

"आई, सफोलचंच खरं. उन्हात दमच नाही!" दावरोन करवादला.

"उन्हाला नावं ठेवू नकोस," असं म्हणत आईनं सुक्या जर्दाळूंची परात त्याच्यापुढं सरकवली.


"तुझ्या छतावरच्या काळ्या काचांवर बघ कसे खडखडीत वाळले! उरल्या जागेत सफोलच्या बायकोनंही घातलेत."