पोटऱ्यांवरचे डाग

भाताच्या आवणीसाठी सुगंधाने साडी गुडघ्यावर खोचली आणि तिच्या दोन्ही पोटऱ्यांवरचे काळेनिळे डाग सोबतच्या बायांना दिसले. त्यांनी बांधावर उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्याला, कोंडूला, चिखलात ओढलं आणि नाकातून रक्त येईपर्यंत तुडवलं.

"अगो बायांनो, थांबा! पायाच्या फुगलेल्या निळ्या शिरांत कल्याणला इंजेक्शनं घेतलीत तिनं. डाग पडतील असं डॉक्टरच बोलला व्हता!" कोंडू ओरडला.

बाया थांबल्या. मोठ्या जावेने सुगंधाकडे पाहिलं. "खरं काय गो?"

सुगंधा वाकून रोपं लावतच होती.



"खरं हाय. पायांवर नाय मारत तो कधी. आवणीला पाय दिसतात ना."