शंभरातले चौघे

नवऱ्याला जाऊन पाच महिने झाले आणि स्तामेना मोठा टीव्ही घ्यायला निघाली, तशी समोरच्याच घरात राहणारी तिची नणंद झागोर्का तरातरा व्रान्ये शहरातल्या दुकानापर्यंत मागे आली.

“वहिनी, दादाचं वर्षसुद्धा झालं नाही गं! माझा नवरा गेला त्याला एकोणीस वर्षं झाली, टीव्हीवरचं काळं फडकं मी अजून हलवलेलं नाही.”

“तुमचं तुमच्यापाशी, वन्सं.” स्तामेनाने डोक्यावरचा काळा रुमाल घट्ट केला आणि ती दुकानदाराकडे वळली.

“हा घ्या, मावशी. घेणाऱ्या शंभरातले शहाण्णव जण खूश आहेत.”

“आणि उरलेले चौघे?”

दुकानदार जरा ओशाळला. “त्यांची एकच कुरकुर. म्हणे, स्क्रीन एवढी मोठी की गल्लीपलीकडच्या घरातूनही सगळं दिसतं.”

“मग हाच द्या.”

झागोर्काने घाईघाईने छातीवर क्रूस काढला. “गावाला दाखवून बघणार? लाज कोळून प्यायलीस की काय!”

“गावाला काय बोलायचं ते बोलू दे. पाच महिने भिंतीकडे बघत बसले, पुरे झालं.”

संध्याकाळी टीव्ही बसवायला आलेल्या माणसाने विचारलं, “कुठल्या भिंतीला लावू?”

स्तामेनाने खिडकीवरचा जाड पडदा ओढून काढला आणि खिडकीसमोरच्या भिंतीकडे बोट केलं.

“तिकडे. त्या पलीकडच्या स्वयंपाकघरात खुर्ची दिसते ना, ती माझ्या नणंदेची. तिथून स्पष्ट दिसला पाहिजे. स्वतःच्या टीव्हीवरचं फडकं ती काही या जन्मात काढायची नाही.”