पाणसळ

ग्वेंडानं रंगाचा पेला टेबलावरच्या कॅनव्हासवर उपडा घातला आणि घड्याळाकडं पाहिलं. साडेतीन. पाचला सरकारी कचेरी बंद होणार होती आणि आज शेवटचा दिवस होता. पूरग्रस्तांच्या योजनेत मोबदला घेऊन नदीकाठचं घर सरकारला देऊन टाकायचं असेल, तर सही केलेला कागद त्याआधी तिथं पोचायला हवा होता. कागद फ्रिजवर चुंबकाखाली लटकत होता, कोराच. ग्वेंडाला तो भरायचा नव्हता. फक्त पाच वाजून जाऊ देत, म्हणजे सुटले, असं तिला झालं होतं.

तिनं पेला उचलला. निळा, पांढरा, गढूळ तपकिरी, सगळे रंग एकमेकांत घुसत चहूकडं पसरले. कॅनव्हासवर तिनं आधीच पुराच्या चिखलातून निघालेल्या वस्तू चिकटवल्या होत्या. शर्टाची बटणं, पडद्याच्या लेसचा तुकडा, गॅरेजची किल्ली. गॅरेज वाहून गेलं होतं, किल्ली तेवढी राहिली होती. चित्रांच्या वर्गात शिकवणारी बाई म्हणायची, रंग ओतला की पाठ फिरवा, तो त्याचं बघून घेतो. ग्वेंडाला ते कधीच जमलं नाही. ती टेबलाभोवती फेऱ्या घालायची, वाकून बघायची, चहा करायची आणि प्यायचा विसरायची.

दोन वर्षांपूर्वी पुरानं सगळं नेलं. राहिलं ते हे खांबांवरचं लाकडी घर, लग्नाच्या वर्षी तिच्या नवऱ्यानं, नेव्हिलनं, स्वतःच्या हातानं बांधलेलं. शेजारची कोरल आपलं घर सरकारला देऊन टेकडीवर राहायला गेली. जाता जाता म्हणाली, "ग्वेन, तुझ्या घराला थोडी चढलीय गं. नदीकडं झोक जातोय." तेव्हापासून ग्वेंडा तिच्याशी धड बोलली नव्हती. दारं अडकत होती, पण ती दमट हवेनं. घर सूतभरही हललेलं नाही, असं ती भेटेल त्याला सांगायची आणि तिच्याकडं पुरावा होता. पहिली दोन चित्रं बिघडली होती खरी. सगळा रंग एका कडेनं ओघळून गेला होता. तेव्हा नेव्हिलनं दुसऱ्या दिवशी आपली पातळी बघायची पाणसळ आणून टेबलावर ठेवली आणि तिला बघायला लावलं. काचेतला बुडबुडा बरोबर मधोमध. "हात बसला की येईल," तो म्हणाला होता. आणि खरंच, त्यानंतर एकही चित्र ओघळलं नाही.

"पातळ रंग काही खोटं बोलत नाही," घर तपासायला आलेल्या अधिकाऱ्यालाही तिनं सुनावलं होतं. "तो माझ्या टेबलावरून हलत नाही, मग घर कसं हलेल?"

नेव्हिल तेव्हा तिथंच होता. चाळीस वर्षं सुतारकी केलेला माणूस, परक्याच्या घरातली तसबीर वाकडी दिसली तरी उठून सरळ करणारा. पण घराचा विषय निघाला की त्याचं एकच, तू म्हणशील तसं. आज जेवण उरकून तो क्लबात गेला होता. शुक्रवारी तिथं सोडत असते, तिकीट लागलं की बक्षीस म्हणून मांस मिळतं. आजच्या दिवशीसुद्धा त्याला ती चुकवता आली नाही, याचा ग्वेंडाला मनस्वी राग आला होता.

आता एकच काम उरलं होतं. थोरल्या मुलाची लहानपणीची काचेची गोटी ओल्या रंगात मधोमध बसवायची. ग्वेंडाची बोटं रंगानं बुळबुळीत झाली होती. गोटी निसटली, उघड्या फळ्यांवर दोन टप्पे खाऊन थांबली. मग आपोआप हलली. आधी हळू, मग घाईघाईनं, टेबलाखालून जात ती थेट नदीकडच्या भिंतीला लागली.

फळी वाकली असेल, ग्वेंडानं स्वतःला सांगितलं. गुडघ्यांवर बसून ती टेबलाखाली शिरली. गोटी हाती आली, पण तिची नजर टेबलाच्या पायांवर गेली. नदीकडच्या दोन्ही पायांखाली पुठ्ठ्याचे चौकोनी तुकडे होते, एकावर एक. क्लबात बिअरच्या पेल्याखाली ठेवतात, ते. एकेका पायाखाली नऊ. खालचा चेपून काळा पडलेला, सगळ्यात वरचा करकरीत नवा. प्रत्येकाच्या बाहेर आलेल्या कोपऱ्यावर सुतारी पेन्सिलीनं महिना लिहिलेला होता.

ती तिथंच बसून राहिली. गुडघेदुखीनं कण्हणाऱ्या नेव्हिलनं नऊ वेळा टेबलाखाली शिरून तिची चित्रं सरळ ठेवली होती. या उतारावर तो जेवला होता, झोपला होता, आणि तिनं त्याचीच चलाखी पुरावा म्हणून गावभर मिरवली होती. तिला त्याचा राग आला आणि स्वतःची भयंकर लाज वाटली.

मग तिनं टेबलाला खांदा लावला आणि सगळे पुठ्ठे उपसून काढले. रंग थोडा वेळ होता तसाच राहिला. मग लेसवरून, बटणांवरून, किल्लीवरून नदीच्या बाजूला सरकत गेला आणि कडेवरून फळ्यांवर ठिबकू लागला. ग्वेंडा पुठ्ठे मांडीवर घेऊन जमिनीवर बसली, रंगाला तिनं हात लावला नाही.

सव्वाचारला गाडी थांबल्याचा आवाज आला. नेव्हिल आत आला. एका हातात सोडतीत लागलेल्या सॉसेजची पिशवी, दुसऱ्या हातात दोन कोरे पुठ्ठे. त्यानं टेबल पाहिलं, जमीन पाहिली, मग तिच्या मांडीवरचा ढीग.

"केव्हापासून माहीत होतं?" तिनं विचारलं.

"पहिल्या चित्रापासून."

पुठ्ठे हातात धरून ग्वेंडा उठली. तिनं फ्रिजवरचा कागद काढला, पुठ्ठ्यांच्या ढिगावर पसरला आणि हात पुढं केला. नेव्हिलनं सवयीनं कानावरची पेन्सिल काढून दिली.

"पेन्सिल पुरे झाली आता, नेव्ह," ती म्हणाली. "पेन दे."