धोंडू नावाचे तिघे

"कोणाला खरं वाटणार नाही, पण काल मी या हातांनी शेजाऱ्याचा मोतीबिंदू काढला," धोंडूआजोबा पाळण्याशी येत म्हणाले. "टोपी घातली आणि डॉक्टर धोंडूचे हात माझ्यात उतरले. परवा गवई धोंडूचा गळा उतरला होता. त्याआधी धोंडू पैलवान, तेव्हा तर दारच उखडून हातात आलं."

टोपी घातली की आपल्याच नावाच्या माणसाचं कसब तासभर उसनं मिळायचं, त्यामुळे हल्ली बारशाला फार विचार करावा लागे. घरच्यांनी 'अद्वैत' ठरवलं होतं. त्या नावाचे वैमानिकच दोनशे होते. बाळाची आत्या वृंदा त्याच्या कानाशी वाकणार, इतक्यात आजोबा मध्ये पडले होते.

"धोंडूच ठेव. पोरगं सगळ्या धंद्यांत तरबेज होईल."

वृंदाने फोनवर टोपीची सगळ्या नावांची यादी उघडली आणि हसू दाबलं.

"आजोबा, अख्ख्या यादीत धोंडू तुम्ही एकटेच आहात. नावाला जोडीदार हवाय, असं सरळ सांगा की. पाळण्यातलं नाव धोंडू ठेवते, टोपीला तेही चालतं. पण याला तुमच्याकडून उतरणार काय? थापाच ना?"