शुक्रवारचा निळा

तीन बिल्ले पुन्हा पिवळेच निघाले.

मालिवानने लेसर मशीनखालचा ट्रे ओढला आणि कपाळावर हात मारून घेतला. बाकीचे स्टीलचे बिल्ले कसे निळेशार उठले होते. त्यांच्याकडे जन्मवारानुसार प्रत्येकाचा एक रंग असतो; निळा म्हणजे शुक्रवारी जन्मलेल्यांचा, आणि तिची आई शुक्रवारची. आईला रक्त देऊन ज्यांनी जगवलं ती माणसं आज दुपारी इस्पितळात जमणार होती. प्रत्येकाच्या हाती त्याच्या नावाचा निळा बिल्ला द्यायचा, असं मायलेकींनी मनाशी धरलं होतं.

स्टीलवरचा हा रंग कुणी लावत नाही. लेसरच्या आचेने तो धातूवर आपोआप चढतो, आणि आच जरा कमी पडली की निळ्याचा पिवळा होतो. मालिवानने वेग बदलून पाहिला, उंची बदलली, स्टील स्पिरिटने पुन्हा पुन्हा पुसलं. बिल्ले इकडचे तिकडे केले तरी ट्रेच्या त्याच तीन जागा पिवळ्या. खोट कुठे आहे ते तिला चांगलं ठाऊक होतं. ती तिकडे बघत नव्हती, इतकंच.

"तिघांना पिवळा दे की," आई म्हणाली.

"आणि सांगू काय त्यांना? तुमचे आभार जरा कमी?"

"मग पूस ती काच."

"तूच पूस! भन्तेंच्या हातचं गंध आहे ते."

मशीन नवं आलं तेव्हा विहारातल्या थोरल्या भन्तेंनी त्याला आशीर्वादाचे तीन ठिपके लावले होते. लेन्सवर झाकण घालायचं मालिवान घाईत विसरली, आणि ठिपके नेमके काचेवर, लेसरच्या वाटेतच बसले. तिने मुकाट्याने हात जोडले. त्याच आठवड्यात आई इस्पितळातून घरी आली. आता ते गंध पुसायला तिचा जीव धजेना.

एवढ्यात तेच थोरले भन्ते भिक्षाफेरीला दारात आले. आईने पात्रात भात वाढला. त्यांचा आशीर्वाद म्हणून झाला, तशी मालिवान गुडघ्यांवर बसल्या बसल्याच सगळं सांगून मोकळी झाली.

भन्ते पात्र सावरत खो खो हसले. "मला वाटलं ते त्याचं कपाळ! पोरी, डोळ्यात गंध भरल्यावर त्या बिचाऱ्याला दिसणार कसं? पूस, पूस. आशीर्वाद काय पुसून जातोय?"

तरी मालिवानचा हात पुढे होईना. शेवटी आईनेच स्पिरिटचा बोळा घेतला, लेकराचं तोंड पुसावं तशी काच पुसली आणि बोळा आपल्या कपाळाला टेकवला.

ट्रे पुन्हा भरला. या खेपेला एकूणएक बिल्ला निळा निघाला, कोपऱ्यातलासुद्धा. मालिवानला रडूच फुटलं. डोळे पुसत तिने पिवळे बिल्ले भंगाराच्या डब्यात टाकायला उचलले, तर आईने त्यातला एक काढून घेतला.

"हा मला राहू दे."

"अगं, पिवळा आहे तो. आणि नाव दुसऱ्याचं आहे त्यावर."

"असू दे," आई तो पदकासारखा छातीवर टाचत म्हणाली. "त्याचं रक्त मिळायच्या आधी मी याच रंगाची होते."