डॉर्कसच्या मागांखालचं पाणी

तुम्हाला सूत जपायचंय, माणसं मेली तरी चालतील. डॉर्कस ऑर्मरॉडनं हे मालकाच्या तोंडावर सांगितलं, तेही सरकारी तपासनीस शेजारी उभा असताना.

गिरणीत मागांच्या डोक्यावरून नळ गेले होते आणि त्यांतून दिवसभर वाफ सुटायची. हवा ओली असली की खळ दिलेलं सूत नरम राहतं, तुटत नाही. बायका मात्र भिजून निघायच्या. संध्याकाळी त्याच ओल्या कपड्यांवर शाल गुंडाळून थंडीतून घरी. लँकेशायरच्या त्या खोऱ्यात कोण विणायला जातं हे खोकल्यावरून ओळखू यायचं.

डॉर्कसची लेक सेलिना आईच्या शेजारच्याच मागांवर होती. तिच्या रुमालावर रक्त दिसलं तेव्हा डॉक्टरनं आडपडदा ठेवला नाही. पोरीला ओल्या हवेतून काढा, नाहीतर पुढचा उन्हाळा तिला दिसायचा नाही. काढून पाठवायचं कुठं? खोऱ्यात दुसरं काम नव्हतं. मग डॉर्कसनं हवाच बदलायची ठरवलं. दारोदार फिरली, बायका गोळा केल्या, तपासनिसाला आणलं. मोजल्यावर ओल कायद्याबाहेर निघाली. मालकानं चिडून नळच बंद केले. आता विणा कोरड्यात, म्हणाला.

बायकांनी डॉर्कसला चहा पाजला. सेलिना हसली. पण तिला चार पावलांत दम लागायचा, म्हणून सकाळी ती आईच्या बरीच आधी घरून निघायची.

मग पूर्वेचा वारा सुटला. कोरडा, बोचरा. मागावरचे उभे धागे, ताणे, काचेसारखे तडकायला लागले. एक धागा बांधावा तोवर दुसरा तुटे, माग थांबे. आणि गिरणीत पैसा मिळतो तो कापडावर, थांबलेल्या मागावर नाही.

मागांवर देखरेख करणारा जॉबर इनॉक, त्याचा पगारही बायकांच्याच कापडावर ठरायचा. तो दर शनिवारी पाटीवर सगळ्यांची नावं लावायचा. सर्वांत जास्त कापड काढणारी वर, सर्वांत कमी काढणारी खाली. खालची बाई फार दिवस टिकायची नाही. धागा तुटला की इनॉक पाठीशी येऊन उभा राहायचा.

"मागितलीत ना कोरडी हवा? घ्या. मीठ लावून खा."

डॉर्कसचे डोळे अधू झाले होते. तुटलेलं टोक ती नाकापाशी नेऊन शोधायची. पाटीवर आता आईचंच नाव तळाला जाणार, अशी सेलिनाला धास्ती होती. पण तसं झालं नाही. इतरांचे ताणे तडकत होते, डॉर्कसचे चालत होते. तिचं नाव मध्यावर टिकून राहिलं. डॉर्कसही शेफारली.

"तुम्ही वाफेवर विणणाऱ्या बाया," ती म्हणायची. "माझ्या हाताला सूत घाबरतं."

बायका हसायच्या. थोडं आंबट तोंड करून.

एकदा शेजारची बाई खाली पडलेला धोटा काढायला वाकली आणि तिच्या हाताला ओलं पोतं लागलं. डॉर्कसच्या मागाखाली, पार आत सारलेलं. भोवती पाणी. तिच्या चारही मागांखाली तसंच, आणि बाकी कुणाच्याही खाली नाही.

कुणाला काही विचारावं लागलं नाही. जिनं वाफ बंद पाडली तिच्याच पायाशी ओल आणून मालक सूड उगवतोय. सकाळी दार उघडतो इनॉक, म्हणजे हातही त्याचाच.

डॉर्कसनं पोती ओढून अंगणात फेकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओलं. सेलिना म्हणाली, सांडलं असेल, जाऊ दे. एवढं बोलूनही तिला खोकल्याची उबळ आली. डॉर्कसचं रक्त उसळलं. तिनं इनॉकला सगळ्यांदेखत अडवलं.

"तुमच्या मागांना पाणी घालायला मी काय तुमचा माळी आहे, बाई?" इनॉक म्हणाला. तो शपथा घेत होता. त्याच्यावर एकाही बाईचा विश्वास नव्हता.

तपासनीस पुन्हा आला. जेवणाच्या सुट्टीत माग थांबले होते. त्यानं वाकून पोतं चाचपलं, बोटं रुमालाला पुसली. मालकानं तिथल्या तिथं हात झटकले. मला काही ठाऊक नाही, हे जॉबरचे उद्योग, आजच त्याला काढतो. इनॉकचा चेहरा पांढरा पडला. त्याच्या घरात चार लेकरं होती.

काढून भागणार नाही, डॉर्कस म्हणाली. "माझी पोर मारायला निघालाय तो. त्याला तुरुंगात घाला. मी कोर्टात बायबलवर हात ठेवून सांगते."

तपासनिसानं होकारार्थी मान डोलावली. दुसऱ्या कुणाला काही सांगायचं असेल तर आत्ताच सांगा, म्हणाला. इनॉकसाठी तोंड उघडावं असं एकीलाही वाटलं नाही.

सेलिना पुढं आली. दम घ्यायला थांबली.

"साहेब, इनॉकला सोडा. पाणी मी घालते."

पोर तापात बरळतेय, डॉर्कस म्हणाली. तिनं लेकीचा दंड धरला. सेलिनानं आईकडं पाहिलं नाही.

"वाफ तुम्ही बंद करायला लावलीत. कापडाचा दर तोच राहू दिलात, ती पाटीही तिथंच राहू दिलीत. आणि तिला तुटलेला धागा दिसत नाही, साहेब. मग तिचे धागे तुटू नयेत म्हणून मी दुसरं काय करायचं होतं? सांगा ना."